सुमतीचं चालणं

बाई रस्त्यानं चालली तर तिच्या डोक्यावर काहीतरी पाहिजे. हंडा, मावऱ्याची म्हणजे मासळीची पाटी, लाकडाची मोळी, निदान कडेवर पोर. काहीच नसेल तर ती कुठंतरी पोचायला तरी निघालेली पाहिजे. माहेरी, बाजारात, मयताला. नुसती गेली आणि नुसतीच परत आली, हे आमच्या खाडीकाठच्या गावांना पटत नाही. पुरुषानं दिवसभर नाक्यावर बसून तंबाखू मळली तर तो बसलाय. बाई थोडा वेळ रिकामी चालली तर तिच्यात काहीतरी शिरलंय. सुमतीच्या बाबतीत तर कोण शिरलंय त्याचं नावसुद्धा गावानं ठरवून टाकलं होतं.

ही सुमती बळीराम घरताची बायको. गाव रोडपालीच्या पुढं, खाडीला चिकटून. तिनं पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा गावातली मिठागरं संपून बरीच वर्षं झाली होती. सरकारनं जमिनी घेतल्या, कळंबोलीत लोखंडाचा बाजार उभा राहिला, मग उशिरानं प्लॉट मिळाले आणि नव्वद सालानंतर ते प्लॉट बिल्डरांना देऊन लोकांनी बंगले बांधले. बळीरामनंही बांधला. तीन मजली, पुढं लोखंडी गेट, आत इंग्लिश संडास. ज्या माणसानं तरुणपणी मिठाच्या पाट्या धावत वाहिल्या, तो आता नाक्यावर पान खायला जायचं तरी बुलेटला किक मारायचा. एकट्या बळीरामचं नाही, साऱ्या गावाचं तेच. पैसा आला आणि पहिली गोष्ट काय गेली, तर पाय गेले. चालणं म्हणजे गरिबी. कातकरी चालतो, वीटभट्टीवरचा मजूर चालतो, आपण कशाला चालायचं? पोटं सुटली, गळ्यात साखळ्या आल्या, आणि पन्नाशीतले गडी पटापट मरायला लागले तेव्हा लोक म्हणाले, गावाला नजर लागली.

सुमतीला मरणाची भीती नव्हती. तिची भीती जासईला होती, भावाच्या बंगल्यातल्या मागच्या खोलीत. तिथं तिची आई सखूबाई राहायची आणि खोलीला कडी बाहेरून होती.

सखूबाई धवलारीण होती. आमच्यात लग्नाला भट येतो आणि जातो, खरं लग्न धवलारीण लावते. मांडव घातल्यापासून प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. त्यातलं सगळ्यांत अवघड ते बोलावण्याचं. देवांना, गावदेवीला आणि त्या घरातल्या मेलेल्या वाडवडिलांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं. एक नाव राहिलं तर तो मेलेला बिनबोलावलेला राहिला. सखूबाईला या पट्ट्यातल्या घराघरातले मेलेले पाठ होते. ती लग्नाला चालत जायची, रात्रभर गायची आणि चालत घरी येऊन भाकऱ्या थापायची.

मग सुमतीच्या भावाचा, आनंदाचा, बंगला झाला. तो म्हणाला, आयेनं लय केलं, आता आयेनं बसायचं. कौतुकानं म्हणाला, त्यात खोट नव्हती. बाई बसली. पलंगावर बसली, टीव्हीसमोर बसली, गोडधोड खाऊन बसली. साखर झाली, प्रेशर झालं, अंग सुटलं. साठीच्या पुढं तिला एक-दोन बारीक झटके येऊन गेले, ते घरात कुणाला कळलेही नाहीत. कळलं तेव्हा ती जेवून उठल्या उठल्या पुन्हा ताट मागत होती. एकदा घराबाहेर पडली आणि कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत सापडली. तेव्हापासून कडी.

सुमती भेटायला जायची. आई तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघायची आणि अदबीनं विचारायची, "कोनाची गो तू? बस. पानी देऊ?"

ते 'पानी देऊ' सुमतीला चावायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

आईनंतर गाणं सुमतीकडं आलं होतं. त्या वैशाखात शेजारच्या भगवान पाटलाच्या मुलाची हळद होती आणि मांडवात सुमती गात होती. आमच्या गावात बोलावण्याच्या वेळी घरधनी सूप घेऊन उभा राहतो आणि धवलारीण एकेक नाव घेईल तशी सुपात तांदळाची चिमूट टाकतो. भगवान उभा होता. सुमती त्याच्या पणज्यापासून खाली उतरत आली. आजा झाला, चुलत आजा झाला. पुढचं नाव भगवानच्या बापाचं, काळूचं. हे नाव तिला लहान पोरालाही सांगता आलं असतं. काळू पाटील मिठागराचा मुकादम, मरेपर्यंत रोज पहाटे बांधावरून फेरी मारणारा. आणि ते नाव आलं नाही. विसरलेलं नाव निदान जिभेवर येतं-येतंसं होतं, तसंही काही झालं नाही. तिथं नाव होतं याचाच पत्ता नव्हता. ती सरळ पुढच्या कडव्यावर गेली. मागून सूर ओढणाऱ्या बायाही तिच्यामागं गेल्या. भगवानच्या चिमटीतले तांदूळ चिमटीतच राहिले.

लग्नात बोलायचं नसतं. पण त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्या नजरेनं सुमतीला कळलं की आपलं काहीतरी गळलंय. काय ते मात्र घरी गेल्यावर तिची धाकटी जाऊ सुनंदा हिनं सांगितलं तेव्हा कळलं. सुमती न्हाणीत जाऊन बराच वेळ बसली. आईची सुरुवातही नावांपासूनच झाली होती.

सुनंदाला घेऊन ती पनवेलला एका डॉक्टरीणबाईकडं गेली. घरात सांगितलं, बांगड्या भरायला चाललोय. दवाखाना वरच्या मजल्यावर होता. जिना चढून गेल्यावर सुमतीला इतकी धाप लागली की नावसुद्धा सुनंदानं सांगितलं. डॉक्टरीणबाईनं प्रेशर मोजलं, ते वाढलेलं निघालं. साखर काठावर. आईचं सगळं विचारून घेतलं, आणि सुमती दिवसभरात काय करते तेही. करायला काय होतं? पाणी नळाला, गॅस ओट्यावर, भांड्याला बाई. सुमतीनं ते सांगताना तिलाच लाज वाटली.

"डोकं काही गळ्याच्या वर वेगळं लावलेलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हृदय रक्त ढकलतं, त्यावर ते जगतं. आईच्या डोक्यातल्या बारीक नळ्या वर्षानुवर्षं खराब होत आल्या असणार. तुमच्या हातात अजून वेळ आहे."

सुमतीनं एकच विचारलं. "मी तशी नाय ना व्हनार?"

तसं लिहून कुणीच देणार नाही, असं बाईनं स्पष्ट सांगितलं. एखादं नाव ताणानंही विसरतं, त्याचा लगेच अर्थ काढू नका. पण सत्तरीत डोकं कसं असेल ते बरंचसं आता, या वयात ठरतं, शरीर कसं ठेवता त्यावर. गोळी दिली ती घ्यायची, गोड आणि मीठ कमी करायचं, आणि चालायचं. रमतगमत नाही. किती जोरात, ते सांगताना तिनं सुमती गाते हे लक्षात ठेवलं होतं. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या जोरात. रोज. जन्मभर.

गोळीचं बळीरामला लगेच पटलं. गोळी म्हणजे इलाज. चालण्याचं ऐकून तो हसला. "गोळी दिलीय ना? मंग चालाया कशाला? उद्या बोलंल, पोहत जा घारापुरीला."

दुसऱ्या दिवशी सुमती उजाडताना निघाली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, पायात बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट. गावात रस्त्यावर ट्रक आणि कुत्री, म्हणून ती खारबांधावर गेली. बांध सरळ, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मेलेली मिठागरं. पहिल्याच दिवशी छातीत घण बसायला लागले. ती थांबली, पुन्हा निघाली. गाऊन पाहिलं. आवाज फुटला नाही. म्हणजे बरोबर चाललोय.

त्या वेळी बांधाच्या कडेनं तांबे घेऊन बसलेल्या बाया असतात. ज्यांना प्लॉट नाहीत आणि घरी संडास नाही त्यांच्यासाठी पहाटेची तेवढीच जागा. त्यांनी बंगलेवाल्या सुमतीला पाहिलं आणि त्यांची हसून पुरेवाट झाली. "बंगल्याचा संडास तुंबला काय गो?" एकीनं विचारलं. आणि दुसरी म्हणाली, तुंबला असता तरी तांब्या नसता का हातात?

हे दुपारपर्यंत नाक्यावर पोचलं. बळीराम चिडला. त्या संडासाच्या फरशा त्यानं स्वतः निवडल्या होत्या, पाहुण्यांना तो आधी देवघर आणि मग संडास दाखवायचा. त्यानं सुमतीला बजावलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तोंडानं भांडायची नाही. फक्त उजाडलं की जायची.

सुनंदानं तोड काढली. हातात काही नाही म्हणून लोक बघतात, तर डोक्यावर काहीतरी ठेव. सुमतीनं माळ्यावरची मावऱ्याची जुनी पाटी काढली, वर फडकं टाकलं आणि डोक्यावर घेऊन चालायला लागली. खरं सांगायचं तर या गावाच्या अकलेचा मापदंड त्या पाटीत होता. कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. रिकामी पाटी डोक्यावर आली आणि बाई शहाणी झाली. काही दिवस बरे गेले, धाप उशिरा लागायला लागली.

मग नाक्यावर कुणीतरी बळीरामला म्हणालं, प्लॉट विकलंस आनी वहिनीला मावरं विकाया धाडतंस? बळीराम बुलेट घेऊन आला, सुमती नुकतीच गेटातून आत येत होती. त्यानं पाटीला लाथ घातली. पाटी गडगडत गेली. त्याला वाटलं होतं मासे सांडतील. फडकं सांडलं. पाटीत काही नव्हतं. तो पाटीकडं बघत राहिला आणि पहिल्यांदा त्याचा राग उतरून त्या जागी भीती आली.

"रिकामी पाटी घेऊन फिरतेस?" तो हळू आवाजात म्हणाला.

आता बघा, पेच कसा होता. पाटीशिवाय चालली तर वेडी. पाटी घेऊन चालली तर नवऱ्याची अब्रू गेली. रिकामी पाटी घेऊन चालली तर वेडी आणि अब्रूही गेली. फक्त बसून राहिली असती तर ती घरंदाज होती.

आणि मग भगवान पाटलानं सगळं जुळवलं. माझा बाप मांडवात बोलावला नाही. बाप रोज पहाटे बांधावरून फिरायचा. त्या हळदीनंतरच ही बाई रोज पहाटे त्याच बांधावरून फिरायला लागली, तशीच, रिकाम्या हातानं, झपाझप, मुकादमासारखी. यात समजायला राहिलं काय? बिनबोलावलेला काळू तिच्यात शिरलाय. गाव एका दिवसात हो म्हणालं. खुळचट म्हणून सोडून देऊ नका, त्या हिशेबात कुठं फट नव्हती. बळीरामला तर हायसं वाटलं. बायको वेडी असण्यापेक्षा बायकोत भगवानचा बाप असणं बरं. त्याला उतारा असतो.

रविवारी दुपारी भुतं उतरवणारा विठू भगत आला. हॉलमधले सोफे सरकवून फरशीवर गोल रिकामा केला. गावकीचे चार-सहा जण, भगवान, त्याच्या घरच्या बाया. खिडकीला माणसं. सुमती स्वयंपाकघरात होती, तिला बाहेर न्यायला सुनंदा आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"बाय, ऐक," ती म्हणाली. "इचारतील कोन हायस. नुसतं म्हन, मी काळू. म्हन, मना रोज बांधावर फिराया पायजे, नायतर मी या बाईला सोडनार नाय. मंग कोन अडवल तुना? जित्या बाईला अडवतात. मेल्या पुरुषाला कोन अडवत नाय."

सुनंदा थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि सुमतीला दिसलं की हे होण्यासारखं आहे. काळूच्या नावानं ती जन्मभर चालली असती. गावानं बांधावर तिला वाट करून दिली असती, कुणी नारळही ठेवला असता. चार शब्द बोलायचे होते. ते बोलली नाही तर घराचं दार बंद होणार, हेही तिला दिसत होतं.

विठू भगतानं निखाऱ्यावर धूप टाकला. सुमतीला पुढ्यात बसवलं, मोरपिसांचा जुडगा डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, कोन हायस तू.

"सुमती."

ते घरातलं नाव झालं, विठू म्हणाला. आत कोण आहे ते विचारतोय. धूर दाट झाला. तो पुन्हा-पुन्हा विचारत राहिला, आवाज चढवत, जुडगा खांद्यावर आपटत. भगवान पुढं सरकला, गुडघ्यावर बसला आणि एकदम हात जोडून म्हणाला, "बाबा, चुकलं आमचं. काय पायजे ते सांग." मोठा माणूस, गळ्यात साखळी, आणि आवाज लहान पोरासारखा झालेला. तो खरंच बापाशी बोलत होता. सुमतीला त्याची कीव आली. तिच्यामागं सुनंदानं तिच्या पाठीला बोट लावलं. म्हण.

सुमतीनं तोंडापुढचा धूर हातानं बाजूला केला.

"भगवानदादा, तुजा बाबा माज्यात नाय," ती म्हणाली. "मी त्याचं नाव विसरले. गाताना विसरले. मना आठवलंच नाय. माजी आय आशीच चालू झाली, आता ती मना पानी देऊ काय इचारते. डॉक्टरीण बोलली, चाल, डोकं राहील तर चालल्यानं राहील. म्हनून चालते. हे डोकं माजं हाय. ते मी खोटंखोटं पन कुनाला देनार नाय."

सुनंदाचं बोट पाठीवरून निघालं.

भूत असतं तर एका कोंबड्यात मिटलं असतं. विसरणारी धवलारीण कशात मिटवायची? तिनं लग्नं लावलेल्या घरांच्या बाया तिथं बसल्या होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरी मनातल्या मनात आपल्या घरचं बोलावणं आठवून पाहायला लागली, आमच्यातलं कोण राहिलं होतं काय. भगवान उठला. तो सगळ्यांसमोर उघडा पडला होता आणि तेवढं पुरतं माणसाला चवताळायला. तो म्हणाला, यापुढं हिनं कुणाच्या मांडवात गायचं नाही. कुणी नको म्हणालं नाही.

विठू भगताला मात्र हार खायची नव्हती. त्याचं पोट त्यावर चालतं. काळू जन्माचा हुशार, तो म्हणाला, तोच तिच्या तोंडून बोलतोय, मी नाही म्हणून. असला चिवट असेल तर त्याला उपाशी ठेवायचा. बांध द्यायचा नाही. बाईनं आवस होईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही, आणि तोवर उतरला नाही तर पुढच्या आवसेपर्यंत. गावकीनं माना हलवल्या. बळीरामनं त्याच दुपारी नाक्यावरून मोठं कुलूप आणलं आणि गेटला लावलं.

पुढचे दिवस वाईट गेले. घरात भांडण नव्हतं, त्यापेक्षा वाईट होतं. बळीराम चावी कमरेच्या करगोट्याला बांधून झोपायचा. आनंदाचा जासईहून फोन आला, आमची पण बदनामी व्हते, घरात नीट बस, मी आयेला ठेवलंय तशी तुना कुनी ठेवायला नको. तो काय बोलून गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. सुमतीनं फोन ठेवला. तिच्या लक्षात आलं की आपण बसलोय. सकाळपासून बसलोय. धुण्याला बाई, भांड्याला बाई, गेटला कुलूप. दुपारी तिला गॅसवर दूध ठेवलेलं आठवलं नाही आणि दूध करपलं. कुणाचंही करपतं. पण तिला त्या करपट वासानं घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती बूट घालून गेटाशी उभी राहिली. कुलूप हलवलं नाही, हाक मारली नाही. बळीराम बनियनवर बाहेर आला. त्याला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल, आणि दोन्हीला काय करायचं ते त्याला माहीत होतं.

"चावी द्या," ती म्हणाली.

"आत चल."

"अवो, ऐका. आज चावी मागतेय ती मी हाय. तुमाला वळखते, घर वळखते, आनी तरी भायेर जायाचं म्हनते. म्हातारी झाले, डोकं गेलं, की पन मी आशीच गेटाशी येऊन उभी राहीन. तवा तुमाला कुलूप लावायालाच लागंल, आनंदादादाला लागलं तसं. मी तुमाला दोष नाय देनार. द्यायला मी नसनारच. पन आज मी हाय. आज कशाला लावता?"

बळीरामनं कुलपाकडं पाहिलं. त्याला सखूबाई आठवली असेल. लग्न झालं तेव्हा त्याच्या मांडवात तीच गायली होती, आणि मागच्या दिवाळीत तिनं जावयाला विचारलं होतं, पावनं, तुमी कनच्या गावचे. तो तेव्हा मोठ्यानं हसला होता आणि परतताना वाटेत बुलेट बाजूला घेऊन बराच वेळ उभा राहिला होता.

"लोकांना काय सांगू?" तो शेवटी म्हणाला. त्याचं सगळं दुखणं एवढंच होतं आणि ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

"ते तुमचं तुमी बघा."

"आज गेलीस तर गावकी आपल्याला वाळीत टाकंल."

"टाकू द्या."

"मी पन गेट उघडनार नाय मंग. येताना."

सुमतीनं त्याच्याकडं पाहिलं. तो खरं बोलतोय की नुसता धाक घालतोय हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला ओळखता येईना. त्यालाही येत नसावं. "बरं," ती म्हणाली, आणि हात पुढं केला.

त्यानं चावी हातात दिली नाही. स्वतः कुलूप काढलं, तिच्याकडं पाठ केली. गेट करकरलं. ती गेली. पहिली काही पावलं सावकाश, मग भराभर, मग झपाझप. वळणावर बाया उभ्या होत्या, त्यांनी तांबे घेऊन कडेला होत तिला वाट दिली, भुताचा स्पर्श होऊ नये तशी. कुणी हसलं नाही. ती बांधावर चढली. छातीत घण बसायला लागले आणि तिनं वेग कमी केला नाही.

बातमीला पायही लागत नाहीत. थोड्याच वेळात भगवान पाटील स्कूटरवरून गेटाशी आला. बळीराम अजून तिथंच उभा होता, कुलूप हातात. भगवाननं स्कूटर बंद केली नाही. त्यानं बांधाच्या दिशेला पाहिलं, मग बळीरामकडं. विचारताना त्याच्या आवाजात धमकी होती आणि धमकीच्या खाली अजून थोडी आशा होती.

"बाबा गेला का बांधावर?"

नाही म्हणायला बळीरामची जीभ उचलत नव्हती. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर दोघं मिळून विठू भगताकडं गेले असते, सुमती परत आली की तिला धरलं असतं, आणि गाव संध्याकाळपर्यंत शांत झालं असतं.

"तुजा बाबा मेला, भगवान," तो म्हणाला. "माजी बायको चालाया गेलेय."

भगवाननं स्कूटर वळवली. मग म्हणाला, गावकी बोलवीन. बळीराम म्हणाला, बोलव. भगवान गेला.

बळीरामनं कुलूप ओट्यावर ठेवलं. आत्ता जे बोललो ते परत घेता येणार नाही हे त्याला कळलं होतं आणि तिला ते ऐकूसुद्धा गेलेलं नाही. तिला एकदा बघावं असं त्याला वाटलं. खालून बांध दिसत नाही, मधे घरं येतात. गच्चीवरून दिसतो. बंगला बांधताना मिस्त्रीनं सांगितलं होतं, गच्चीवरून अख्खी खाडी दिसेल. वास्तुशांतीनंतर तो गच्चीवर गेलाच नव्हता.

तो जिना चढायला लागला. पहिला मजला आला तेव्हा तोंड कोरडं पडलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचे पाय थांबले. कठडा धरला, तरी श्वास पुरेना. कानात काहीतरी आपटत होतं, त्याला आधी वाटलं खाली कुणी गेट वाजवतंय. तो पायरीवर बसला. वर अजून एक मजला होता, गच्चीचं दार बंद होतं. मिठाच्या पाट्या घेऊन पळणारा माणूस आपल्याच घराच्या जिन्यात छातीवर हात दाबून बसला आणि आतलं ते आपटणं कधी कमी होतंय याची वाट बघत राहिला.